मध्यावर राहिलेली केंद्रकं

उम्या,

तुझ्या फोटोखाली त्यांनी ‘हसतमुख’ असं छापलंय. सिडकोच्या आपल्या चौकात, दूध डेअरीशेजारच्या खांबाला बोर्ड बांधलाय. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मग कंपनीच्या ओळखपत्रावरचा तुझा फोटो, आणि खाली ‘मनमिळाऊ, सोशिक, हसतमुख’. मी रिक्षातून उतरले, बोर्डासमोर उभी राहिले आणि माझ्या तोंडून शिवी गेली. डेअरीवाल्यानं ती ऐकली आणि मान खाली घातली. दुःखानं बाईचं डोकं फिरलं, असं वाटलं असेल त्याला.

ज्या माणसाच्या गालांना ओठांचे कोपरे वर उचलता येत नव्हते, तो हसतमुख? आयुष्यभर लोकांनी तुला विचारलं, “काय रे, तोंड का पाडलंय?” कुणाच्या लग्नात गेलास की फोटोग्राफर ओरडायचा, “दादा, जरा स्माइल!” आणि तू गेल्यावर हे तुला हसतमुख ठरवून मोकळे. तू हसायचास, घरात सगळ्यांपेक्षा जास्त हसायचास, पण ते आवाजात असायचं. नाकातून फुर्रकन हवा निघायची, मान मागे जायची आणि चेहरा मात्र बँकेच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसासारखा. ज्यांनी तुझ्याकडे दोन मिनिटं नीट बघितलं, त्यांना ते कळायचं. अशी माणसं किती होती, हे मला विचारू नकोस. आज माझ्याकडे सौम्य उत्तर नाही.

तुझ्या पापण्याही अर्ध्याच उघडायच्या. सहावीत गणिताच्या सरांनी डस्टर फेकून मारलं, वर्गात झोपतोस म्हणून. तू झोपला नव्हतास. फळ्यावर काय लिहिलंय ते तूच मला घरी येऊन शब्दन्‌शब्द सांगितलंस, कपाळावर टेंगूळ घेऊन. मग तू युक्ती काढलीस. हनुवटी वर करून, पापण्यांच्या खालच्या फटीतून बघायचं. त्याबरोबर नवीन नाव मिळालं, ‘शिष्ट’. झोपाळू, शिष्ट, आळशी, तोंडपाड्या. तुझ्या दुखण्याचा प्रत्येक भाग या लोकांनी तुझा स्वभाव म्हणून खपवला. आणि आता सोशिकपणाही त्यातच घातलाय.

अण्णांचा विषय मला टाळता येणार नाही. तू टाळला असतास.

अण्णा सातपूरला टर्नर. कंपनीच्या कबड्डी संघात चढाईला तेच जायचे, हे त्यांनी आपल्याला किती वेळा सांगितलं असेल. अशा माणसाच्या पोटी जिना चढताना कठड्याला लोंबकळणारा मुलगा. त्यांना ती लाज वाटायची, आणि लाजेवर त्यांच्याकडे एकच औषध होतं, व्यायाम. दर रविवारी सकाळी आपल्याला पांडवलेणीला न्यायचे. मी सोबत यायचे, कारण तू एकटा नको म्हणून आई मला पाठवायची. अण्णा भरभर वर जायचे, लेण्यांपाशी कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि तिथून ओरडायचे, “उचल पाय! पायात काय शेण भरलंय का?” येणारेजाणारे वळून बघायचे. तू प्रत्येक पायरीला हातानं गुडघा दाबायचास, जणू पाय तुझा नसून एखादं अवजड सामान आहे. वर पोचलास की अण्णा म्हणायचे, “बघ, जमतं की नाही?” आणि तू म्हणायचास, “जमतं.”

का म्हणायचास? मी तिथेच उभी असायचे. तुझ्या मांड्या थरथरताना दिसायच्या मला.

निफाडच्या थोरल्या काकूंनी तर वेगळंच निदान काढलं होतं. “हा पोटात असताना गिराणात भाजी चिरली असंल हिनं. म्हनून पोरगं असं ढिलं निपजलं.” चार बायकांत, आईच्या समोर. आई ताटं वाढत राहिली, आणि काकूंचं ते वाक्य तिनं पुढे कितीतरी वर्षं मनात सांभाळलं. मग त्र्यंबकेश्वरला जाऊन शांत केली. तिथल्या गुरुजींनी मन लावून विधी केले, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ओल्या धोतरानं कुडकुडत बसलेल्या तुझ्याकडे बघून काकू म्हणाल्या, “आता बघा कसा पळंल.” तुला न्यूमोनिया झाला, पळाला कोणीच नाही. डॉक्टरांनी टॉनिक दिलं, दुसऱ्यांनी सांगितलं लहानपणी पोलिओ चाटून गेला असेल, तिसरे म्हणाले मनाचं आहे.

मग तू डिप्लोमा केलास, अंबडच्या कंपनीत ड्राफ्ट्समन झालास आणि सिंहस्थाच्या वर्षी तिथल्या लोखंडी जिन्यावरून पडलास. बरं झालं पडलास, असं मी आजही म्हणेन. हात मोडला म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो आणि त्यांनी तुला जमिनीवरून उठताना बघितलं. स्वतःच्याच मांड्यांवर हात रोवत रोवत उभा राहिलास तू, नेहमीसारखा. ते प्लास्टर करायचं थांबले. “असंच उठता तुम्ही? कधीपासून?” तू म्हणालास, “पहिल्यापासून.” “मग हाडाचं काम मी करतो, पण तुम्ही मुंबईला जा. हा स्नायूंचा आजार आहे.” इतक्या वर्षांत तुला उठताना बघणारा तो पहिला डॉक्टर. बाकीच्यांनी तुला खुर्चीत बसवूनच तपासलं होतं.

मुंबईत त्यांनी तपासणीसाठी मांडीतून स्नायूचा चिमूटभर तुकडा काढला. निकालाच्या दिवशी तू हट्ट धरलास, मला माझी स्लाइड बघायची आहे. त्या पॅथॉलॉजिस्ट बाई आधी नको म्हणाल्या, मग तू ड्राफ्ट्समन आहेस आणि मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते हे कळल्यावर त्यांनी स्टूल सरकवलं. तू हनुवटी वर करायची सवय विसरून भिंगावर वाकलास, एका हातानं पापणी उचलून धरलीस.

“हे गुलाबी गोल दिसतात ना, ते तुमचे स्नायूतंतू, आडवे कापलेले,” त्या म्हणाल्या. “आणि निळा ठिपका कुठे आहे?”

“मधोमध.”

“सगळ्यांत?”

“बऱ्याच गोलांत.”

“ती केंद्रकं आहेत. ती कडेला असायला हवीत.” त्यांनी दुसरी स्लाइड लावली, कुणा निरोगी माणसाची. तिच्यात ठिपके गोलांच्या काठाला चिकटून बसले होते, मधला भाग सगळा मोकळा.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर कुठल्याही वर्गात इतकं सोपं करून सांगितलेलं नाही. आईच्या पोटात स्नायू घडतात तेव्हा लहान लहान पेशी एकमेकींत मिसळून एक लांब नळी होते. प्रत्येकीचं केंद्रक त्या नळीत येतं आणि सगळी मधून एका ओळीत बसतात. तेव्हा सगळ्यांची मध्यावरच असतात, तुझीही, माझीही, कबड्डी खेळणाऱ्या अण्णांचीही. मग नळीत आखडणारे धागे भरत जातात आणि केंद्रकं एकेक करून बाहेर सरकतात, आवरणाखाली जाऊन बसतात. तुझी बरीचशी निघालीच नाहीत.

“त्यांना कडेला नेतं कोण?” तू विचारलंस.

बाई हसल्या. “पेशीत बारीक दोऱ्यांसारखं जाळं असतं, त्यावरून ती ओढली जात असावीत. भरणारे धागे ढकलतही असतील. खरं सांगायचं तर अजून शोधतायत. केंद्रक मध्ये राहिलं म्हणून स्नायू दुबळा, की दोन्ही दुसऱ्याच कशामुळे, तेही नक्की नाही.”

“आणि यात मी काही कमी केलं का? म्हणजे व्यायाम वगैरे?”

“तुम्ही तेव्हा जन्मलाही नव्हता,” त्या म्हणाल्या.

तू भिंगावरून बराच वेळ मान वर केली नाहीस. मी तुझ्या पाठीकडे बघत होते. मला वाटलं, रडतोय. परतीच्या गाडीत कसारा गेल्यावर तू एकदम नाकातून फुर्र केलंस. “ताई, नाव काय ठेवलंय तुम्ही लोकांनी? केंद्रक! आणि ते केंद्रात बसलं की म्हणे आजार. आधी नाव तरी बदला.” समोरच्या बाकावरच्या माणसाला वाटलं, हा रागावलाय. तो सरकून बसला. त्या दिवशी मी इतकी हसले की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते नंतर थांबेना.

त्यासाठी मी तुझी ऋणी आहे. हे मी तुला कधी म्हटलं नाही, तुला ते आवडलंच नसतं.

घरी आल्यावर आईला मी सांगितलं. ग्रहण नाही, भाजी नाही, चिरणं नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागली. अण्णांना काय सांगायचं ते तू आधीच ठरवलं होतंस. “जन्मापासून स्नायू कच्चे आहेत, इलाज नाही,” एवढंच. अण्णा “हं” म्हणाले आणि बातम्यांचा आवाज वाढवला.

आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि ते मिटलंच नाही. मी म्हणायचे, त्यांना सगळं कळू दे. त्या पायऱ्यांचं काय, चारचौघांत ‘पायात शेण’ म्हणाले त्याचं काय? त्यांनी एकदा तरी तुझ्याजवळ बसून चुकलो म्हणावं. तू गॅलरीत खुर्ची टाकून बसलेला असायचास.

“तू तरी तेव्हा का नाही बोललास?” मी एकदा ओरडले.

“काय बोलणार होतो? अण्णा, माझी केंद्रकं मध्ये अडकलीत, मला पळवू नका? सहावीत?”

“आता बोल ना.”

“आता बोलून माझे पाय चालणार आहेत का? त्यांचे मात्र थांबतील.”

“थांबू देत!”

“ताई, तुला राग यायचा तर येऊ दे. पण तो माझ्या नावावर नको लावूस.”

उम्या, तुझ्या या चांगुलपणात एक अरेरावी होती. दुखणं तुझं, म्हणून माफीचा हक्कही तुझा एकट्याचा, आणि आम्ही दोघींनी गप्प बसायचं. आईनं वीस वर्षं स्वतःला अपराधी मानलं, मी दर रविवारी तुझ्यामागून त्या पायऱ्या चढले. आम्हाला काही झालंच नव्हतं का? हे तुला तोंडावर सांगायचं होतं मला. प्रत्येक वेळी तू दमलेला दिसायचास आणि मी चहा टाकायला उठायचे.

त्याच वर्षांत तू माझ्या वर्गासाठी तक्ते काढायला लागलास. पेशी विभाजनाचा काढलास, कांद्याच्या पापुद्र्याचा काढलास, आणि एका रविवारी स्नायूचा. नळी, मधली ओळ, मग हळूहळू कडेला जाणारी केंद्रकं, यंत्राच्या जोडणीच्या ड्रॉइंगसारखं टप्प्याटप्प्यानं. प्रत्येक केंद्रकापाशी बाण आणि प्रत्येक बाणापाशी प्रश्नचिन्ह. मी म्हटलं, “अरे, मुलं गोंधळतील, परीक्षेत प्रश्नचिन्ह काढून ठेवतील.” तू म्हणालास, “जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणूनच दाखवायचं. आमच्याकडे नसलेलं माप कुणी ठोकून दिलं तर नोकरी जाते.” त्या तासाला मुलांनी जितके प्रश्न विचारले तितके माझ्या आख्ख्या नोकरीत कुणी विचारले नव्हते. मी घरी येऊन तुला एकेक सांगितला आणि तू कान देऊन ऐकलास, पुन्हा सांग म्हणालास.

आता त्या हॉस्पिटलचं. नाव इथे लिहीत नाही. जिथे लिहायला हवं तिथे लिहून दिलंय.

साधी सर्दी छातीत उतरली होती. छातीचे स्नायूही तेच, तितकेच कच्चे, कफ बाहेर काढायला पुरत नव्हते. दाखल करताना मी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना सांगितलं, स्नायूंचा आजार आहे, आडवं झोपवू नका, झोपेचं काही देऊ नका, त्यानं याचा श्वास मंदावतो. मुंबईच्या डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. त्यांनी मान डोलावली. संध्याकाळी डॉक्टर बदलले. तुला चैन पडत नव्हतं, बसून बसून पाठ दुखत होती. मी आईला घरी सोडायला गेले होते. सिस्टरांनी नंतर सांगितलं, नव्या डॉक्टरांनी विचारलं, झोपेचं इंजेक्शन देऊ का, बरं वाटेल. आणि तू म्हणालास, “चालेल.”

मी परत आले तेव्हा तू शांत झोपला होतास. सिस्टर कौतुकानं म्हणाल्या, “बघा, किती छान झोप लागली.” मी तुला हलवलं. हाका मारल्या. मग धावाधाव, नळ्या, मशीन, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं सगळं. मी त्या डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिले तर ते म्हणाले, “मॅडम, पेशंटनी स्वतः हो म्हटलं.”

तुला माहीत होतं, उम्या. माझ्याइतकंच माहीत होतं. तुला त्या पोरसवदा डॉक्टराला ‘नको’ म्हणून दुखवायचं नव्हतं का? की दमला होतास? की श्वास पुरत नसल्यानं कार्बन डायऑक्साइड आधीच डोक्यात चढला होता आणि हो-नाही कळतच नव्हतं? मी जीवशास्त्र शिकवते, मला तिसरं उत्तर पटायला हवं. दिवसा पटतंही. तरी त्या एका शब्दासाठी मी तुझ्यावर इतकी संतापले आहे की तुला अग्नी देताना मला रडू फुटलं नाही. आणि त्या डॉक्टरवर त्याहून जास्त. चिठ्ठी फाइलला लावलेली होती. ती उलटून बघायची तसदी घ्यायला कितीसा वेळ लागला असता?

मी तक्रार केली आहे. काका म्हणाले, गेलेला परत येतो का. शेजारचे म्हणाले, मोठ्यांशी वैर कशाला. तुझे कंपनीतले साहेब तेराव्याला जेवून हात पुसत म्हणाले, “ताई, उमेशला हे आवडलं नसतं.” खरं आहे, तुला आवडलं नसतं. मी त्यांना म्हटलं, “साहेब, त्याला पुष्कळ गोष्टी आवडत नव्हत्या. तुम्ही त्याला खालच्या मजल्यावर टेबल कधी दिलं?” ते पान न घेता गेले. तुझ्या चांगुलपणाची ढाल करून जो तो माझ्यापुढे उभा राहतोय. मी मागे हटणार नाही. तुझ्या नावावर लावू नको म्हणाला होतास ना? नाही लावत. तक्रारीखाली सही माझी आहे.

काल संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर अण्णा गॅलरीत येऊन बसले. मग म्हणाले, “सुमे, त्याला नेमकं काय व्हतं, ते मला नीट सांग.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी सांगितलं. त्या बाईंनी सांगितलं तसंच, नळी, ओळ, कडेला सरकणं. ते मन लावून ऐकत होते.

“मधोमध असणं चुकीचं?” ते म्हणाले. “आमच्यात तर लेथवर सेंटर जरा हललं की जॉब बिघडतो.”

“स्नायूत ते कडेला जावं लागतं, अण्णा.”

“पांडवलेणीला नेत व्हतो मी त्याला. त्यानं नसतं सरकलं?”

“नाही.”

“रोज नेलं असतं तरी?”

“तरी नाही. ते तो जन्मायच्या आधीच राहून गेलं होतं.”

खाली पाण्याचा टँकर आला होता, बायकांचा गलका चालू होता. अण्णांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

“दुखत व्हतं का गं त्याला? चढताना?”

तू असतास तर त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं नसतंस. “छे हो अण्णा,” म्हणून विषय बदलला असतास. आई दारात उभी होती, तिनं मला डोळ्यांनी खुणावलं, नको.

“हो,” मी म्हटलं. “खूप दुखायचं. रविवारी झोपताना मी त्याचे पाय दाबून द्यायचे.”

अण्णांनी मान हलवली. हलवतच राहिले. मग तोंडावर टॉवेल घेऊन ते रडायला लागले, मोठ्यानं, खालच्या बायकांनी वर बघितलं इतक्या मोठ्यानं. मी त्यांना उगी उगी म्हटलं नाही, उम्या. उठूनही गेले नाही. त्यांचं रडून होईपर्यंत तिथेच शेजारी बसून राहिले.